बोळिंजचा मुनवा

सेबॅस्टियनने केळीचा बुंधा आडवा कापला आणि कोयता हातात धरून तसाच बसून राहिला. पांढऱ्या गाभ्यात तांबूस रेषा उतरल्या होत्या. मर रोग.

वसईतल्या नऊ वाड्यांची झाडं तो दर महिन्याला बघायचा. एका वाडीचं दुखणं दुसरीत जायला नको म्हणून फाटकाशी ठेवलेल्या उकळत्या पाण्यात कोयता धुतल्याशिवाय तो कुठेच आत पाऊल टाकत नसे. पण इनेझच्या वाडीतली ही केळ त्यानेच लावली होती. अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये बोळिंजहून राजेळी जातीच्या केळीचा मुनवा आणला, चांगलं ठसठशीत पिल्लू, आणि तिच्या नवऱ्याच्या, एडवर्डच्या केळींना सोबत म्हणून हौसेनं शेजारी लावला. एडवर्ड जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच्या हातच्या त्या केळींची उन्हात वाळवलेली सुकेळी इनेझ दर नाताळात घरोघरी वाटायची. आता त्यांचीही पानं कडेनं पिवळी पडली होती.

"कसला रोग रे बस्त्याव?" इनेझ चहा घेऊन आली. "या वर्षी हवाच वाईट, नाय?"

हवेवर ढकलणं किती सोपं होतं. बिचारी स्वतःच वाट काढून देत होती आणि त्याच्या जिभेवर 'हो' आलंही होतं.

"हवा नाय, इनेझबाय. रोग मीच आणला. दुसऱ्या कुणी मुनवा आणला असता तर कंद तासून बघितला असता. तुला द्यायच्या घाईत तसाच लावला." त्याला तिच्याकडे बघवेना. "ही सगळी काढून जाळायला लागतील. या जागी पुन्हा केळ नाय लावायची."

"एडवर्डची पण?"

त्याने होकारार्थी मान हलवली. इनेझने कप विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि आत गेली. दुपारपर्यंत तो एकटाच खणत होता. निघताना त्याने हाक मारली, पण ती बाहेर आली नाही.

पुढच्या महिन्यात तो जड पावलांनी त्या गल्लीत वळला. फाटक बंदच असणार, याची त्याला खात्री होती. पण फाटकाशी वाफाळतं तपेलं होतं, आणि शेजारी एक जुना कोयता.

"एडवर्डचा आहे," इनेझ ओट्यावरून म्हणाली. "आमच्या वाडीत यापुढं हाच वापर. बाहेरचं काय आणू नको."

सेबॅस्टियनने आपला कोयता फाटकाबाहेर ठेवला. एडवर्डचा उचलला. त्याची मूठ घासून गुळगुळीत झाली होती. तो त्याने सावकाश उकळत्या पाण्यात धुतला, आणि मगच आत पाऊल टाकलं.