गुणाबाईच्या वाटचा धवला

राहनाळ गावच्या ठमाबाईला कोणी लॉकडाऊनचं विचारलं की ती आधी नाक मुरडते आणि मग हसते. बाकीचे लोक दवाखाने, पोलीस, बंद पडलेले कापडाचे लूम असलं काय काय सांगत बसतात. ठमाबाईला आठवतो तो रस्त्यात आडवा टाकलेला बांबू आणि बांबूपलीकडे फतकल मारून बसलेली गुणाबाई. दिवस वाईट होते खरे, पण तिला त्यांची ओढ वाटते. त्याला कोण काय करणार?

ठमाबाई आणि गुणाबाई दोघी धवलारणी, म्हणजे लग्नात धवल्याची गाणी म्हणणाऱ्या. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो वा नसो, धवला गाणारी बाई लागतेच. तिनं धवला सुरू केला की हळद लागते, देवांना मांडवात आवतण जातं. चाळीस वर्षं दोघींनी जोडीनं गायलं. ठमाबाईनं ओळ टाकायची, गुणाबाईनं पुढची ओळ जोडून ती झेलायची. कंदिलाच्या उजेडातली लग्नं केली, मग ट्यूबलाइटची केली, मग डीजेवाल्याला "बंद कर रे ते बोंबलनं" म्हणून दटावूनही केली. पूर्वी बैलगाडीतून निघाल्या की वाटेतच गळे मोकळे करायच्या आणि मांडवात पोचेपर्यंत निम्मं गाव मागे चालत यायचं. काय ते दिवस! पण या चाळीस वर्षांत एक घोटाळा होऊन बसला होता. ठमाबाईला फक्त आपल्या ओळी पाठ होत्या आणि गुणाबाईला फक्त आपल्या. दुसरीच्या ओळी शिकायची गरजच पडली नव्हती, कारण दुसरी शेजारी असायचीच.

मग गुणाबाई मुलाकडे शहरात धामणकर नाक्याला राहायला गेली, आणि दोन हजार वीसच्या जूनमध्ये ठमाबाईच्या नातीचं, मृणालीचं लग्न ठरलं.

"आये, पन्नास मानसांची परवानगी हाय," ठमाबाईचा मुलगा तुळशीराम म्हणाला. "पन गुणामावशीला कसं आनायचं? शहर पुन्हा बंद केलंय. आनि नियम तरी एक हाय का? सोमवारी रिक्षात दोघं चालतात, बुधवारी रिक्षाच न्हाय. मोटारसायकलवर एकच मानूस. मावशी काय सोता गाडी चालवत येनार?"

"मग?"

"यंदा धवला राहू दे. मोबाईलवर लावू कायतरी."

ठमाबाईनं हातातलं पातेलं असं आपटलं की ओट्यावरची मांजर पळाली. "माज्या नातीचं लगीन मुकं लावतोस? मी जित्ती हाय अजून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडाला पदर बांधून ती शहराच्या हद्दीवरच्या बांबूपाशी जाऊन बसली. पासष्टीच्या वरच्यांनी घराबाहेर पडायचं नाही, असा तेव्हा नियम होता. सत्तरीच्या ठमाबाईनं तो बासष्टीची होऊन पाळला. फोनवर ठरल्याप्रमाणे पलीकडून गुणाबाई आली, औषधाची चिठ्ठी नाचवत. बाकी काहीही बंद असो, औषधाचं दुकान उघडं असायचं. ती एकच चिठ्ठी तिनं पुढे रोज हवालदाराला दाखवली. बांबू मात्र एका जागी राहील तर शपथ. आज इथं, उद्या पन्नास पावलं पुढं, परवा त्याला पत्रे ठोकलेले. दोघी त्याच्या मागोमाग सरकायच्या.

"गुणे, तुज्या धवल्याच्या ओली मला दे," ठमाबाई म्हणाली.

गुणाबाईनं चिठ्ठीची घडी घातली. "दिल्या तर माजं काय काम उरलं गो?"

"येडी का काय! एका लग्नापुरत्या दे."

"उद्या सगली बोलतील, ठमा एकटी पुरते, दुसरीला कशाला बोलवायची? आधीच चौथ्या माल्यावर नुसती बसून असते मी. लगीन असलं म्हनजे तरी कोन माजी आठवन काढतं."

एवढं बोलून ती उठून चालती झाली. दोन दिवस गुणाबाई आलीच नाही. ठमाबाई बांबूपाशी बसून परत फिरली. तिसऱ्या दिवशी गुणाबाई तरातरा आली, बसली आणि रागातच पहिली ओळ म्हणाली. "मृणालीसाठी देते. तुज्यासाठी न्हाय!"

मग पाच दिवस शिकवणी चालली. मास्कमधून शब्द कळेनात, तर दोघी हवालदाराची पाठ वळली की मास्क हनुवटीवर घ्यायच्या. गुणाबाई कडक मास्तरीण निघाली. एक काना इकडचा तिकडे झाला की पुन्हा पहिल्यापासून. दोघी इतक्या भांडल्या, इतक्या हसल्या की शेवटी हवालदारच रोज विचारू लागला, "आजी, आज उशीर झाला?"

लग्नाला पन्नास माणसं, तीही लांब लांब बसवलेली. ठमाबाईनं आपली ओळ टाकली. सवयीनं उजवीकडे पाहिलं. तिथं रिकामी खुर्ची. मग गुणाबाईच्या बारीक आवाजात तिनं आपलीच ओळ आपणच झेलली. शेवटपर्यंत एक शब्द चुकला नाही. मृणालीच्या डोळ्यांना धार लागली.

"आये, कमाल केलीस!" तुळशीराम म्हणाला. "एकटीनं निभावलंस. गुणामावशीची कमी वाटलीच न्हाय."

त्याच्या मनात पाप नव्हतं. पण ठमाबाईला बांबूपलीकडचं गुणाबाईचं बोलणं आठवलं. तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त आपल्या न चुकलेल्या गळ्याचा.

संध्याकाळी गुणाबाईचा फोन आला. आवाज अगदी लहान. "पार पडलं?"

"कसलं पार पडतंय!" ठमाबाई म्हणाली. "देवांना बोलवायच्या ओलीवर अडले ना. तुजी ओल काय आठवंना. सगली माज्या तोंडाकडं बघतात. नाक कापलं माजं."

पलीकडून जोरात हसू. "बोललेली ना मी? तुज्या टालक्यात कदी काय राहतं का? पुढच्या टायमाला मीच येनार, बांबू असो नायतर पोलीस. आता ऐक नीट!"

आणि गुणाबाईनं ती ओळ पहिल्यापासून, सावकाश, समजावून सांगितली. ठमाबाई मांडवाच्या खांबाला टेकून ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकत होती. मागून म्हणताना मध्ये एकदा ती मुद्दाम चुकलीसुद्धा.