फुग्यांखालचे पाय

महालिंगप्पानं काढलेलं चित्र छापून आलं, त्यापायी नळदुर्गातल्या अकरा प्रतिष्ठितांनी भर चैत्रात बूट-मोजे चढवले, आणि शेवटी पंचनामा होऊन छपाईचा दगड वाळू-पाण्यानं घासून कोरा करण्यात आला.

असं काही घडलंच नाही. तसं कागदावर लिहून ठेवलंय, खाली पाच सह्या आहेत. तेव्हा काही घडलंच नाही असं धरून आपण पुढं जाऊ.

महालिंगप्पा 'बोरीकाठ' साप्ताहिकात अक्षरं काढायचा. छापखाना दगडाचा. पिवळ्या कागदावर चिकट काळ्या शाईनं लिहायचं आणि तो कागद दगडावर दाबून उमटवायचा. हे काम तो निजामाच्या अमदानीत एका म्हाताऱ्या उर्दू कातिबाकडं शिकला. राज्य बदललं, लिपी बदलली, महालिंगप्पाचा बोरू तोच राहिला.

शेवटच्या पानावर पोरांसाठी एका पैलवानाची चित्रकथा असे. चित्रं सोलापूरचे बाबूराव काढायचे आणि एस.टी.नं पाठवायचे. माणसांच्या तोंडाजवळ रिकामे फुगे असत, त्यांत बोलणं भरायचं ते महालिंगप्पानं. पैलवान ओरडला की अक्षर जाड, भूत बोललं की अक्षर थरथरतं. सगळ्यात वर त्यानंच दर आठवड्याला लिहायचं : 'चित्रे – बाबूराव, सोलापूर.'

पण फुग्यात जागा उरली की त्याचा हात शिवशिवायचा. मग तो कोपऱ्यात बोटाएवढी बकरी काढायचा. कधी पंक्चर झालेली एस.टी. काढायचा, आणि तिच्या टपावर तीच बकरी. पोरं पैलवान सोडून बकरी शोधायला लागली. भूमहून एका शाळेचं पत्र आलं : बकरी फार आवडली. पत्र बाबूरावांच्या नावानं होतं. बाबूरावांनी आभार मानले.

तेव्हापासून महालिंगप्पाला चैन पडेना. जेवताना ताटात बोटानं रेघा, परातीतल्या पिठावर रेघा.

"अवो," बायको शिवम्मा म्हणाली, "ह्या पिठाची भाकरी करायची हाय. तुमची बकरी चरून झाली का सांगा."

"एकदा माझं नाव छापून येऊ दे गं. मग न्हाय काढत."

"नाव तर तुम्हीच लिवता की सगळ्यांची. त्यात तुमचं बी लिवा."

हे इतकं सोपं होतं की त्याला ते जमणं शक्यच नव्हतं.

एका आठवड्यात सोलापूरची गाडी आली, बाबूरावांचं पाकीट आलं नाही. संपादक नारायणराव डोक्याला हात लावून बसले. महालिंगप्पा तीनदा उठला, तीनदा बसला, शेवटी म्हणाला, "मास्तर, म्या काढू?"

"काय काढतोस?"

"एस.टी.चा निवारा."

नळदुर्गात एस.टी.च्या निवाऱ्याची कोनशिला हैदराबाद राज्यात एकदा बसली, द्विभाषिक मुंबई राज्यात एकदा आणि महाराष्ट्र झाल्यावर पुन्हा एकदा. निवारा नव्हता, पण बसायला तीन दगड झाले होते. चौथ्याचं ठरत होतं.

"काढ," नारायणराव म्हणाले. "पण शेंडा-बुडखा नीट असू दे."

शेंड्याचीच पंचाईत झाली. बारा वर्षांची सवय. महालिंगप्पानं आधी फुगे काढले. चार पुढारी, चार भाषणं. अक्षर असं देखणं उतरलं की त्याला कुठं थांबावं कळेना. थांबला तेव्हा पानभर फुगे झाले होते आणि खाली चार बोटं जागा उरली होती. तेवढ्यात माणसं कशी मावणार? त्यानं नुसते पाय काढले.

आणि पायांत त्याचा हातखंडा होता. छापखान्यात तो जमिनीवर मांडी घालून, रस्त्याला लागून असलेल्या बुटक्या खिडकीशी बसायचा. खिडकीतून दिसायचे ते फक्त पाय. बारा वर्षं त्यानं गावाची तोंडं पाहिलीच नव्हती म्हणा ना.

बाजाराच्या दिवशी अंक निघाला. भाषणं कुणीही वाचली नाहीत. "आण्णासाहेब!" एक जण ओरडला. निवारा समितीचे अध्यक्ष आण्णासाहेब यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर शेजारचं बोट चढलेलं होतं, चित्रातही ते चढलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी आण्णासाहेब बूट घालून बाहेर पडले. संध्याकाळपर्यंत आणखी दहा जणांच्या पायात बूट आले. चित्रात पाय चार जणांचेच होते, पण आपण त्यांत नाही असं कुणालाच खात्रीनं वाटेना.

आण्णासाहेब चार माणसं घेऊन छापखान्यात आले. "कोण हा बाबूराव? सोलापुरात बसून ह्याला माझा पाय कसा म्हाईत?"

"म्हणजे पाय आपलाच?" नारायणरावांनी विचारलं.

"माझा न्हाय! पण ज्या कुणाचा असंल त्याची बदनामी झालीय!"

महालिंगप्पानं पानाकडं पाहिलं. सगळ्यात वर, त्याच्याच वळणदार अक्षरात : 'चित्रे – बाबूराव, सोलापूर.' सवयीनं. हातानं परस्पर लिहून टाकलं होतं.

गप्प बसला असता तर सुटला असता.

"साहेब, चित्र म्या काढलंय."

"तू गप रे, अक्षरवाल्या. वर नाव कुणी घातलं?"

"म्याच."

"लोक दुसऱ्याच्या रानावर आपलं नाव लावत्यात, आन् तू आपल्या चित्रावर दुसऱ्याचं लावतूस व्हय? कोण इस्वास ठेवंल?"

महालिंगप्पानं खडू उचलला आणि फरशीवर आधी फुगा काढला. मग त्याखाली पाय. बोट अंगठ्यावर चढवलं. "आता बूट काढा आन् ताडून बघा."

सगळे बुटाकडं बघायला लागले. बूट निघाला तर चित्र महालिंगप्पाचं ठरणार, आणि पाय आण्णासाहेबांचा. बूट निघाला नाही. नारायणरावांनी घाम पुसत पंचनामा लिहिला : असे चित्र छापले गेलेच नाही. अंक गोळा झाले, दगड घासला गेला.

"सुटलास, गड्या," नारायणराव म्हणाले. "पेढे वाट."

महालिंगप्पा खिडकीशी जाऊन बसला, उठला, पुन्हा बसला. बाहेरून बूट चालले होते. सगळे सारखे. शेवटी त्यानं पिवळा कागद ओढला आणि आपल्या सर्वांत चांगल्या अक्षरात लिहिलं :

मा. अध्यक्ष, निवारा समिती, यांचे सेवेशी.
अर्जदार महालिंगप्पा, राहणार नळदुर्ग, सविनय अर्ज करतो की, न छापलेल्या चित्रातील उजवा पाय अर्जदाराने स्वहस्ते काढलेला आहे. तरी मेहेरबानांनी कोणत्याही सोयीच्या दिवशी, दोन पंचांसमक्ष, आपला उजवा बूट व मोजा उतरवून सदर पाय फरशीवरील पायाशी ताडून पाहावा, व पाय कोणाचाही ठरला तरी चित्र अर्जदाराचे असल्याची नोंद दप्तरी करून तिची एक नक्कल अर्जदारास मिळावी. तोपर्यंत फरशी पुसू नये, ही विनंती.