काचेआडची बाई

मी गाडी बोलतेय. जरा जवळ या, माझा आवाज माझ्याएवढाच आहे. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी मी, तळहातावर आरामात मावते. पण मला खेळणं म्हणाल तर याद राखा. खेळण्याच्या दाराला कुणी सुईनं किल्लीचं भोक पाडत बसत नाही.

माझा जन्म जोडायच्या सुट्या भागांच्या खोक्यातला, तोही दुसऱ्याच गाडीच्या खोक्यातला. माझा धनी गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचा, सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्याची बायको एका छोट्या हिरव्या गाडीतून शाळेच्या मुलांची ने-आण करायची. तो हिरवा रंग त्यानं स्वतः मिसळून काढलेला, कुठल्या दुकानात तो डब्यात मिळत नाही. बायको गेली. पुढे मिस्त्री आजारी पडून दवाखान्यात होता, तेवढ्यात मुलानं ती गाडी भंगारात देऊन टाकली. "दारात सडत होती, बाबा," म्हणाला.  मिस्त्री घरी आला आणि त्यानं माझं खोकं फोडलं.

छोट्या गाड्या जोडायचा नाद त्याला काम सुटल्यापासूनचा. फळीवर माझ्या थोरल्या बहिणी ओळीनं उभ्या आहेत, एकीपेक्षा एक चकचकीत. पण त्या सगळ्या खोक्यावरच्या चित्राबरहुकूम झाल्या. बायकोच्या गाडीचं खोकं कुठंच मिळेना, म्हणून त्यानं माझं छप्पर कापलं, नाक ठेंगणं केलं. पुट्टी लावायची, वाळू द्यायची, घासायची, मनासारखं झालं नाही की पुन्हा पुट्टी. माझी पाठ सोलून निघाली. मी मनात शिव्या घालत होते, खोटं कशाला सांगू.

शेजारी एक म्हातारा घड्याळजी राहायचा. तोही याच नादातला. दुपारी चहाला यायचा आणि भिंग डोळ्याला लावून माझ्यातल्या चुका काढायचा.

"गाडी करतोयस की नवरी सजवतोयस?" तो विचारायचा.

"तुझ्या गाडीचं चाक मागच्या वेळी तिरकं बसलं होतं, ते आधी बघ," मिस्त्री म्हणायचा.

मिस्त्रीची नजर आक्रसत चालली होती. त्याला वाटलं मोतीबिंदू असेल, काढून टाकू. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. उरलीय ती थेंब घालून टिकवायची. एक दिवसही चुकवू नका."

घड्याळजीला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "नशीब बघ लेका. दुसऱ्यांना मोत्याचा मिळतो, तुला काचेचा." दोघं म्हातारे खोकला येईपर्यंत हसले. मग मिस्त्री डोळे पुसत म्हणाला, "एकदा तिला गाडीत बसलेली बघितली की झालं. तेवढी पुरली पाहिजे नजर."

बायकोची बाहुली त्यानं मेणासारख्या मऊ मातीतून घडवली. वाटाण्याएवढं डोकं, मागे अंबाडा, नाकावर चष्मा. ओठ रंगवायला त्यानं किती दिवस घेतले. एरवी ती हसरी बाई, फोटोत तर दात दाखवूनच. पण स्टिअरिंगवर बसली की ओठ घट्ट मिटायची, दुसऱ्यांची पोरं मागे बसलेली असायची ना. हे फक्त शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला ठाऊक. त्यांची लेक कायम मागे बसायची, तिला आईचा अंबाडाच दिसलेला.

"काच खाली ठेव," घड्याळजी म्हणाला. "वहिनींचं कोपर कायम खिडकीबाहेर असायचं."

"त्यावरूनच तर रोज भांडण," मिस्त्री म्हणाला. "आणि उघडी ठेवली तर धूळ बसेल तिच्यावर." त्यानं माझ्या चारही काचा बंद केल्या. उरली फक्त पुढची.

काच पांढऱ्या गोंदानं बसवायची असते. तो सावकाश वाळतो, पण काचेला इजा करत नाही. सुपरग्लू काचेच्या आसपासही न्यायचा नाही, ही या कामातली पहिली अक्कल. त्याची वाफ बंद जागेत कोंडते आणि काचेवर आतून पांढरी साय धरते, ती पुसताही येत नाही. हे मिस्त्रीनंच घड्याळजीला शिकवलं होतं. पण त्या दिवशी टेबलावर दोन्ही नळ्या शेजारीशेजारी पडल्या होत्या, सारख्याच उंचीच्या. वास आला असता तरी वाचले असते. पण थिनर हुंगून हुंगून त्याचं नाक केव्हाच मेलं होतं. माझ्या कडांवर गोंद फिरला, काच बसली, आणि त्यानं मला वाळायला म्हणून डब्याखाली झाकून ठेवलं.

सकाळी त्यानं डबा उचलला, मला खिडकीशी नेलं, भिंग लावलं. बघत राहिला. भिंग पुसलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"अगं, इकडे ये जरा," त्यानं हाक मारली. लेक कामावर निघाली होती, एका हातात चप्पल तशीच घेऊन आली. "मला सगळं पांढरं दिसतंय. तुला दिसतेय का ती?"

लेकीनं वाकून बघितलं. साऱ्या काचा दुधासारख्या झाल्या होत्या, आतलं काही दिसत नव्हतं. तिनं बापाच्या तोंडाकडे बघितलं. एवढ्या महिन्यांची मेहनत वाया गेली, हे तिला सांगवेना.

"दिसतेय ना," ती म्हणाली. "छान हसतेय."

लेकीला दिसतेय म्हणजे आपलीच नजर गेली, असं मिस्त्रीला वाटलं. हसतेय म्हणजे ओठही आपल्याकडून चुकलेच, असं तो धरून चालला. मला फळीवर ठेवून त्यानं भिंग कपड्यात गुंडाळलं.

मला वाचा नाही हे त्या दिवशी फार टोचलं. अगं बये, काच बिघडलीय म्हण, डोळे शाबूत आहेत म्हण. बिचारी बापाचं मन राखायला गेली आणि त्याला आंधळा ठरवून कामावर गेली. इतर काही बारीक तो बघतच नव्हता. त्याची सगळी परीक्षा माझ्यावर होती, आणि त्यात तो नापास झाला होता.

त्यानं थेंब घालायचे सोडले. रोज लेक विचारायची, "बाबा, थेंब घातले?" आणि तो म्हणायचा, "घातले." एक खोटं तिचं, एक त्याचं, आणि दोन्ही मायेपोटी. बाटली भरलेलीच राहिली. हळूहळू तो भिंत चाचपत चालायला लागला.

घड्याळजीला त्यानं तेव्हापासून चहालाही बोलावलं नव्हतं. एक दिवस त्याला निरोप धाडला, "माझी हत्यारं घेऊन जा." घड्याळजी आला, चिमटे उचलता उचलता त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यानं मला उजेडात धरलं.

"अरे, काचेला सुपरग्लू लावलास?" तो म्हणाला. "आत काहीच दिसत नाही. केव्हा झालं हे?"

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मिस्त्रीनं तिच्या दिशेनं तोंड वळवलं, थोडं चुकीच्या बाजूला.

"म्हणजे तेव्हा मला दिसत होतं," तो म्हणाला.

"हो, बाबा."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. लेक खाली बसून रडली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं म्हणाल्या. घड्याळजी म्हणाला, "काच फोडून काढतो, दुसरी बसवू." मिस्त्री म्हणाला, "कुणासाठी?"

आता तो मला रोज मांडीवर घेतो. बोटानं छप्पर चाचपतो, दारं चाचपतो, पुढच्या काचेवर अंगठा फिरवतो. काच बाहेरून गुळगुळीत आहे, त्यामुळे त्याच्या अंगठ्याला काहीच कळत नाही. माझा हिरवा रंग अगदी तंतोतंत जुळलाय, आणि तो मी कुणाला दाखवू?

एवढंच मागते. उद्या तो जाईल. मग मुलगा येईल, फळी रिकामी करेल, मीही भंगाराच्या पोत्यात पडेन, खरी गेली तशीच. त्याचं मला काही नाही. पण पोत्याचं तोंड बांधण्याआधी कुणीतरी माझी एक काच फोडा. आत एक बाई ओठ मिटून बसलीय. तिला खिडकी उघडी लागायची.