शाळा समुद्रात गेली तेव्हा

मित्रांनो, एक पत्र तीन महिने माझ्या कीबोर्डखाली पडून होते. त्याला उत्तर गेले नाही, यात थोडा दोष माझाही असावा. मी एक जुना संगणक आहे, टेबलावर बसणारा, जरा बोजडच.

कारखान्यात माझे सुटे भाग जोडले गेले आणि मी थेट भूमापन कचेरीत आलो. तिथे अकरा वर्षे जमिनींचे नकाशे काढले, कौतुकही झाले. मग नवे संगणक आले आणि मी जिन्याखाली धूळ खात पडलो. भूमापक आजोबांनी निवृत्त होताना मला मागून घेतले, नाहीतर मी भंगारातच जायचा.

पत्र त्यांच्या धाकट्या बहिणीचे होते. ती नदीकाठच्या एका गावात मुख्याध्यापिका आहे. “दादा, नव्या वर्गांची जागा ठरली आहे. पुराचे पाणी तिथवर येईल का, ते तुझ्या सहीने कळव. तुझा कागद आल्याशिवाय मी कुदळ मारू देणार नाही.” आजोबांनी हाताने हिशेब केला, दोनदा केला, आणि दोन वेगळी उत्तरे आली. मग सही करायचा धीरच होईना. तिकडे गावकरी तिला विचारू लागले, आणखी किती थांबायचे?

शेवटी आजोबांनी माझ्यावर एक सेवा बसवायचे ठरवले. कुणीही इंटरनेटवरून एखाद्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे पाठवावेत, मी तिथली उंची आणि नदीची पातळी ताडून पाहावी आणि उत्तराचा नकाशा परत पाठवावा. जिन्याखाली पडलेला मी, आणि हे काम! माझा पंखा आनंदाने घरघरू लागला.

आठ दिवस खटपट चालली. एक भाग बसवावा तर तो दुसरा मागे, दुसरा बसवला की पहिला रुसे. याच्यापेक्षा व्याह्यांचे रुसवे परवडले, असे आजी म्हणाल्या.

नवव्या दिवशी सकाळी सेवा सुरू झाली. आजोबांनी शाळेच्या जागेचे आकडे टाकले, मी धडधडत हिशेब केला आणि नकाशा दाखवला. शाळा भर समुद्रात!

आजी चष्मा लावून वाकल्या. “वन्संना कळवा, पोरांना आधी पोहायला शिकवा म्हणावं.”

आजोबा हसले नाहीत. “माझं काही खरं नाही,” म्हणत ते मला बंद करायला निघाले.

“थांबा हो. काय टाकलंत ते वाचून तरी दाखवा.”

वाचता वाचता ते अडखळले. आधी उत्तरेचा आकडा, मग पूर्वेचा, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. माझ्या सेवेला पूर्वेचा आधी हवा होता. त्यांनी आकड्यांची अदलाबदल केली आणि शाळा टुणकन नदीकाठी आली. निळे पाणी नव्या वर्गांच्या जागेवरून पसरले, पार कंबरभर. मागचा चढ मात्र साठ पावलांवर कोरडा होता. आजोबांनी आपले जुने कागद शोधले. त्यांचा दुसरा हिशेब हेच सांगत होता! चूक पहिल्यात होती.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसत जा, आम्हाला अडगळीत टाकू नका. पण आमचे उत्तर तपासूनही घेत जा. शाळा समुद्रात ठेवताना मला जराही ओशाळल्यासारखे झाले नव्हते.

आजोबांनी नकाशा छापला, ‘जागा साठ पावले वर घ्या’ असे लिहिले, खाली सेवेचा पत्ता दिला आणि ठळक सही केली. मग घाईघाईत आजींच्याच चपला पायात सरकवून ते रस्ता ओलांडून गेले. खिडकीतून मला दिसत होते. पाकीट टपालपेटीत पडले, आणि त्यांनी पेटीच्या पाठीवर एक थाप मारली.