गोठ्यातला उलटा पंखा

मी एक जुना, गोठ्यातला पंखा आहे, आणि स्वच्छ हवेचं पहिलं बक्षीस मला मिळालेलं आहे. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. बक्षीस मिळालं, पण ते तसं मिळालेलं नाही. नीट सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याची चौकट, तीन पाती, एक मोटर आणि अंगावर रंगवलेला बाण. वारा कुठे जाणार ते बाण सांगतो. तो शेळीलाही कळेल, म्हणून मी निर्धास्त होतो. तेव्हा मी मालकांना भेटलो नव्हतो.

मालकांचा म्हशींचा गोठा होता. शेण आणि मूत एकत्र साचलं की अमोनिया उठतो, डोळ्यांना झोंबतो, घसा धरतो. तो बाहेर फेकायचा, एवढंच माझं काम. मिस्त्रीने मला भिंतीच्या झरोक्यात धरलं, बाण बाहेर. मालकांनी विचारलं, "म्हणजे वारा बाहेर जाणार?"

मिस्त्री हो म्हणाला.

"मग विकत कशाला घेतला? म्हशी तर आत आहेत."

मिस्त्रीला जेवायला जायचं होतं. त्याने मला फिरवून बसवलं.

भिंतीपलीकडे शेणाचा उघडा खड्डा होता. त्या दिवसापासून मी खड्ड्यावरची हवा ओढून म्हशींच्या तोंडावर मारू लागलो. पाहुण्यांना मालक मुद्दाम माझ्यासमोर उभं करत. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मालकांना वाटायचं, भारावले.

धारा काढायची मालकांची थोरली बहीण, ताई. दुसऱ्या कुणाच्या हाताला म्हशी पान्हा सोडत नसत. तिला खोकला लागला आणि तो वाढतच गेला. डॉक्टरांनी बजावलं, गोठ्यातली हवा सुधारा, नाहीतर हिची छाती कायमची जाईल. मालकांनी ताबडतोब हवा सुधारली. माझा वेग वाढवला.

"अरे, पंखा उलटा आहे," ताई म्हणाली. "हा फिरव, शेण रोज उचल आणि खड्ड्यावर झाकण घाल."

"ताई, तू धार काढ. यंत्राचं तुला काय कळतंय?"

मालकांनी स्वच्छ हवेच्या गोठ्यांच्या स्पर्धेत नाव दिलं. मग स्पर्धेचे तपासनीस आले, हवा मोजायचं यंत्र घेऊन. ते दारात पोहोचले आणि वीज गेली. आत अंधार, म्हणून सगळी दारं-खिडक्या उघडली. मी थांबलो. गोठ्यात खरा वारा शिरला. ताईने अख्खी बादली भरली, एकदाही न खोकता. यंत्राचा आकडा इतका खाली गेला की तपासनिसांनी ते दोनदा झटकलं. ही किमया कशाने, असं त्यांनी विचारलं. मालकांनी बंद पडलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं. तपासनिसांनी तसंच लिहून घेतलं.

खड्ड्याजवळ मात्र ते थबकले. यातून मिथेन वर जातो, पृथ्वी तापते, असं ते म्हणाले. मालकांनी त्यांना धीर दिला, "वर जातो ना, मग आपल्याला काय त्रास?"

बक्षीस लागलं. प्रमाणपत्र माझ्याखाली ठोकलं गेलं. ताईने पुन्हा मला फिरवायला सांगितलं.

"बक्षीस मिळालेला पंखा फिरवायचा? लोक काय म्हणतील?"

"मला नाही ऐकू येत रे ते," ताई म्हणाली. "खोकल्यात."

आता मला दिवसरात्र बंद करत नाहीत. मित्रांनो, तुमच्याकडे गुरं असतील तर शेण रोज उचला, खड्डा झाका आणि पंख्यावरचा बाण वाचा. मालकांना हे सांगण्यात अर्थ नाही, म्हणून वरिष्ठांना लिहितो.

प्रति, मा. अधिकारी, वीज विभाग. विषय : वीज घालवण्याबाबत. महोदय, सदर गोठ्याचा पुरवठा सकाळी व संध्याकाळी धारेच्या वेळी, पुढील आदेश होईपर्यंत, न चुकता खंडित करण्यात यावा. ताईंच्या दोन्ही फुप्फुसांची या अर्जास संमती आहे.