साय न धरणारे दूध

"सूनबाई, घरातलं दूध आण वाटीभर. तापवू नकोस," सासऱ्यांनी बाहेरच्या खोलीतून सांगितले. "नाहीतर साहेबांना वाटायचं, म्हातारा नुसत्या गप्पा हाणतो."

"मास्तर, तुमची परीक्षा घेणारा मी कोण?" डेअरीचा सुपरवायझर हसला. "मी तुमच्याच हाताखाली शिकलोय."

"म्हणूनच. शिकवलेल्यासमोर तरी फुशारकी खरी करून दाखवावी."

स्वयंपाकघरात सुनेने ते ऐकले. घरात दुधाचा थेंब नव्हता. आजच नव्हता असे नव्हे, गेले चार महिने नव्हता. नवऱ्याच्या कारखान्यातले काम निम्म्यावर आले, त्याच आठवड्यात तिने दूधवाल्याला नको म्हणून सांगितले. तेव्हापासून चहात, दह्यात, खिरीत, सगळीकडे पिठाच्या डब्यामागे दडवलेली पावडर चालली होती. पिशवीतली सर्वांत स्वस्त, साय काढलेल्या दुधाची.

सासऱ्यांनी एकतीस वर्षे डेअरीच्या धक्क्यावर, दुधाचे कॅन उतरतात तिथे, दूध पारखले होते. कॅनचे झाकण उघडले की एक हुंगणे, एक घोट, आणि कॅन आत तरी जाई किंवा आल्या वाटेने परत. अशा माणसापुढे पावडरच्या चहाचा पहिला कप ठेवून ती दाराआडून बघत राहिली होती. त्यांनी चहा संपवला आणि एवढेच म्हटले, "छान झालाय." त्यावरून तिने समजून घेतले की, त्यांना कळले आहे, पण सुनेची झाकली मूठ उघडी पडू नये म्हणून ते गप्प आहेत. या न बोललेल्या समजुतीच्या आधारावर ती चार महिने निर्धास्त होती, आणि खरे सांगायचे तर सासऱ्यांवर तिची माया जडली ती त्याच चार महिन्यांत.

आज सुपरवायझर त्यांना परत कामावर बोलवायला आला होता. डेअरीतले यंत्र पाणी पकडते, भेसळ पकडते. पण नासायच्या बेतात आलेले दूध त्याच्या हातून निसटते. मागच्याच आठवड्यात तसले दूध बालरुग्णालयाच्या दारापर्यंत पोचले होते. धक्क्यावर माणसाची जीभ हवी होती. पगार चांगला होता. त्या पगारात घरात पुन्हा दूध आले असते.

तिने पावडर कालवली. बाबा सांभाळून घेतील, तिने मनाला बजावले, आणि वाटी नेऊन त्यांच्या हाती दिली.

त्यांनी वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटून तो जिभेवरून सावकाश फिरवला.

"म्हशीचं. आज पहाटेचं. पाण्याचा थेंब नाही, साय काढलेली नाही. जनावरसुद्धा निरोगी."

डोळे उघडून त्यांनी तिच्याकडे पाहिले. तिने त्या नजरेत मिस्कीलपणा शोधला, निदान संगनमताची एखादी रेघ. काहीच नव्हते. होते ते, काम चोख बजावलेल्या माणसाचे निर्मळ समाधान.

म्हणजे त्यांनी सांभाळून घेतले नव्हते. त्यांना कळलेच नव्हते.

"झालं तर," सुपरवायझरने कागद आणि पेन काढले. "सोमवारपासून?"

"सोमवार कशाला? उद्या येतो."

गप्प राहिली असती तर तिला कोणी दोष दिला नसता. दोष द्यायला कोणाला ठाऊकच नव्हते. पण उद्या धक्क्यावर ते याच समाधानाने नासके दूध आत सोडणार, आणि ते कोणाच्या ओठाला लागणार, हेही तिच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. सासऱ्यांनी पेन हातात घेतले.

"बाबा, ते पावडरचं आहे."

"काय पावडरचं?"

"दूध. चार महिने झाले."

सुपरवायझर खिडकीबाहेर पाहू लागला.

"चहासुद्धा?"

"हो."

"दही?"

"दहीसुद्धा."

"काल मी त्या दह्याची एवढी तारीफ केली," ते स्वतःशीच म्हणाले. मग तिच्याकडे वळून, अगदी हळू, "मला सांगायचंस ना, पोरी."

"मला वाटलं, तुम्हाला कळलंय."

त्यांनी पेनाला टोपण लावले आणि ते सुपरवायझरपुढे सरकवले.

"दुसरा माणूस बघ. तरुण बघ. पोरांच्या पोटात जातं ते."

"मास्तर, वयाबरोबर एवढंतेवढं..."

"एवढंतेवढं नाही. जा आता. तिकडे गाड्या खोळंबल्या असतील."

तो गेला. मुलगा कामावरून यायची वेळ झाली, तेव्हा ते उठून स्वयंपाकघरात आले. या खोलीत ते सहसा पाऊल टाकत नसत.

"दाखव, कसं करतेस ते."

"राहू द्या ना, बाबा."

"दाखव म्हणतो ना."

तिने पावडर आणि कोमट पाणी पुढे ठेवले. स्टुलावर बसून, पातेले मांडीवर घेऊन ते चमच्याच्या पाठीने गुठळ्या मोडू लागले. घाई केली नाही. काठ निपटला, तळ निपटला, आणि मग पातेले तिच्यापुढे धरले.

"बघ, गुठळी राहिलीय का कुठं."

एकतीस वर्षांत त्यांच्यानंतर दूध तपासायची कोणाची छाती झाली नव्हती. ती पातेले खिडकीपाशी घेऊन गेली. उजेडात तिरके धरले, चमचा या काठापासून त्या काठापर्यंत फिरवला, आणि नीट पाहायला जितका वेळ लागतो तितका घेतला.

"एक आहे, बाबा."

त्यांनी मान डोलावली आणि पातेले परत घ्यायला दोन्ही हात पुढे केले.