वाकड्या खांबापाशी डावीकडे

मित्रांनो, मी एक जुना दिव्याचा खांब आहे. पण सगळे मला ‘वाकडा खांब’ म्हणूनच ओळखत.

मी काही जन्माचा वाकडा नाही हो! कारखान्यातून आलो तेव्हा चांगला ताठ होतो, इमानेइतबारे उजेड देत होतो. तेव्हा माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका ट्रकवाल्याने न बघता गाडी मागे घेतली आणि माझी कंबर मोडली. दिवा गेला तो कायमचाच. पण गंमत बघा, वाकलो आणि वस्तीभर माझं नाव झालं!

तिथल्या गल्ल्या सगळ्या एकसारख्या. ‘वाकड्या खांबापाशी डावीकडे वळा’ म्हटलं की नवखा माणूसही बरोबर पोचायचा. गल्लीतल्या शिंपीकाकांचा तर माझ्यावर फार जीव. गिऱ्हाइकांना मी लांबून दिसावं म्हणून त्यांनी माझ्यावर लाल पट्टा रंगवला होता. गल्लीचा नंबर मात्र कुणाच्याच लक्षात राहिला नाही.

एके सकाळी नवे खांब आले. मला कापून रस्त्याकडेला आडवं टाकलं. काका हातातली कात्री घेऊनच धावत आले.

“अहो, याला कशाला काढताय? माझी गिऱ्हाइकं वाट चुकतील!”

कामगार हसले. काकाही हसले.

त्याच दुपारी काकांच्या छातीत कळ आली. घरात लेक एकटीच. तिने फोन केला आणि घाबरून, सवयीने, माझीच खूण सांगितली. अँब्युलन्स माझ्या अंगावरून जावी इतक्या जवळून गेली. ड्रायव्हर फोनवर ओरडत होता, “ताई, कुठला वाकडा खांब? इथे सगळे सरळच आहेत!”

मी तिथेच पडलो होतो, लाल पट्टा मातीत. मला खूप वाईट वाटलं. गाडी पुढे गेली, फिरून आली, पुन्हा पुढे गेली. शेवटी बापाला तसंच सोडून लेक अनवाणी कोपऱ्यावर धावली. गाडी थांबली, पण तोवर सगळं संपलं होतं.

मित्रांनो, आपल्या गल्लीचा नंबर पाठ करा. आणि जुनी खूण हलवायची असेल तर आधी चार दारं ठोठावून सांगा.

भंगारवाला मला उचलत होता, तेव्हा कोपऱ्यावर एक बाई पत्ता विचारत होती. पानवाला म्हणाला, “अँब्युलन्सला घर सापडेना म्हणून ते शिंपी गेले ना, तीच गल्ली. डावीकडे.”

बाई बरोबर वळली.